साहेबाचा शर्ट, बाबांचं माप

परवा नातवाने मॉलमधून प्लास्टिकचा हाडांचा सापळा आणला आणि आमच्या अल बर्शाच्या फ्लॅटच्या दाराला टांगला. बॅटरी घातली की त्याचे डोळे लाल होतात आणि तो दमेकऱ्यासारखा हसतो. "नानी, आर यू स्केअर्ड?" नातवाने विचारलं. मी म्हटलं, "अरे याला कोण घाबरणार? याला धड बसतासुद्धा येत नाही." तो खांदे उडवून आत गेला. मी एक असा पाहिलाय जो बसायचा, हे त्याला काय सांगणार! आमच्या खोलीत, बाबांच्या जागेवर, आठवडाभर बसून होता. माझ्या अम्माने बनवलं होतं त्याला, सगळ्या टाकाऊ सामानातून. लेक म्हणाली, अम्मी, मुलांसमोर असलं अभद्र बोलू नको हं. बरं बाई, नाही बोलत. लिहिते.

गोष्ट साठच्या दशकातली. तेव्हा या अल बर्शात वाळू आणि बाभळी होत्या, आणि दुबई म्हणजे खाडीच्या दोन काठांवरचं गाव. जुमेऱ्याला समुद्राकडे तोंड करून तेलकंपनीच्या गोऱ्या लोकांची थोडीशी घरं होती, ती आमच्या हिशेबी विलायतच. आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. बर दुबईत आमच्यासारख्यांच्या चार-पाच खोल्या एका अंगणाभोवती होत्या. निम्म्या भिंती मातीच्या, निम्म्या खजुराच्या झावळ्यांच्या. पाणी गाढवावरून यायचं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची, घरातली एकुलती एक. एका दुकानाच्या माडीवर आमची शाळा भरायची. तिथे मी इंग्रजी शिकत होते आणि त्याची मला फार ऐट होती.

बाबा लाँचवर तांडेल होते, खलाशांचे म्होरके. लाँच म्हणजे लाकडी जहाजच, पण इंजिन बसवलेलं. इथून माल भरून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला जायचं. माल काय असायचा ते घरात कुणी विचारायचं नसतं आणि बाहेर तर नाहीच नाही. माणूस बुटका, पण आडवा मजबूत. एकदा लाँचवर पडून उजवा खांदा निखळला होता, तो पुन्हा नीट बसला नाही. त्यामुळे ते उजव्या बाजूला झुकून चालायचे, झुकून बसायचे आणि मान डावीकडे ठेवून तोल सांभाळायचे. त्यांचे शर्ट अम्माच शिवायची. टेप बाजूला पडलेली असायची. ती वितीने आणि बोटांनी मोजायची, आणि उजवा खांदा न सांगता दोन बोटं उतरवायची. बाजारातला शर्ट बाबांच्या अंगावर उधार आणल्यासारखा दिसायचा.

त्या साली आगोटीच्या आधी, समुद्र बंद व्हायच्या तोंडावर, लाँच शेवटची फेरी करून येणार होती. गेली ती गेलीच. तिकडे पोचली नाही, इकडे परतली नाही. पावसाळा सरला. लाँचा पुन्हा सुरू झाल्या. एका लाँचवाल्याने सांगितलं, पाण्यावर निळी फळी तरंगताना दिसली, तुमच्या लाँचच्या केबिनची असावी. आता अशा लाँचची चौकशी कुणाकडे करणार? पोलिसात जाऊन काय सांगणार, आमचा चोरटा माल बुडाला, जरा बघा?

मग अंगणातली वडीलधारी मंडळी आणि मशिदीतले मौलवीसाहेब आमच्या दारात आले. आम्ही शाफई पंथाचे. आमच्यात मय्यत समोर नसली तरी तिच्यासाठी नमाज पढता येते, तिला गायबाना नमाज म्हणतात. आणि विधवेने चार महिने दहा दिवस घरात बसून काढायचे, ती इद्दत. मौलवीसाहेब हळू आवाजात म्हणाले, "बाय, जुम्म्याला पढून घेऊ. तुला इद्दतीला बसायला हवं. मेलेल्याचा हक्क असतो तो." अम्मा पडद्याआडून म्हणाली, "मेलेला कोण? मला दाखवा. मातीला लावल्याबिगर मी कुणाला मेला म्हणायची नाय." एक म्हातारे समजावत होते, "अगो, दर्यात गेलेल्याची माती कुठून आणणार?" तर ही म्हणाली, "मग तुम्हीच ठरवा कुठून आणायची ती. तोवर ह्या घरात माणूस जिता हाय." असं म्हणून ती पडद्यामागेच भांडी आपटायला लागली.

मी अम्माच्या बाजूची होते, शंभर टक्के. त्या म्हाताऱ्यांचा मला इतका राग आला होता की त्यांच्या चपला उचलून खाडीत फेकाव्यात असं वाटत होतं. माझं साधं गणित होतं. अम्मा जोवर म्हणत नाही तोवर बाबा मेलेले नाहीत. ती दिवसभर गप्प असायची, रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायची, पण एक टिपूस काढलं नाही तिने. रडणं म्हणजे कबूल करणं. मीही रडले नाही. दोघी मायलेकी अशा कोरड्या डोळ्यांनी वावरत होतो आणि ते घर असं झालं होतं की आत शिरल्यावर मोठ्याने बोलायची छाती होत नव्हती.

ऑक्टोबरात जरा हवा सुटली. तेव्हा एका दुपारी गल्लीतला गोवेकर कुक आमच्याकडे आला. तो जुमेऱ्याला एका अमेरिकन मडमकडे नुकताच लागला होता. अम्मा त्या घरांतलं शिवणकाम करते हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या पाठीवर एक भलंमोठं गाठोडं होतं. त्यात जुन्या चादरी, साहेबाचा शर्ट-पँट, दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे.

"मॅडमला पार्टीसारखं कायतरी करायचंय पोरांसाठी," तो म्हणाला. "मेलेल्यांचे दिवस हायत ना आता. आमच्यात पण ह्याच दिवसांत कबरी साफ करतात, मेणबत्त्या लावतात. ह्यांचं जरा मोठं दिसतंय. मॅडम बोलली, विकत कायपण आणायचं नाय, सगळं जुन्यापान्यातून घरीच करायचं."

"काय काय पायजे?"

"एक माणूस. कापडाचा, अख्खा, ह्याच कपड्यांत. व्हरांड्यात खुर्चीवर बसवायचाय. पोरांना अंगभर पांढऱ्या चादरी, डोळ्यांना भोकं पाडून. आणि ह्या डब्यांना भोकं, आत बत्ती ठेवायला. मी लाकडाचे क्रूस करतोय, ते वाळूत लावणार."

अम्माचा हात गाठोड्यावर थांबला. "मेलंय कोण त्यांच्यात?"

कुक म्हणाला, "मला कुठे बोलतात? मी नवा. साहेब मात्र मी लागल्यापासून दिसला नाय. समुद्रात तेलाची विहीर खणतात ना, तिथे काम त्याचं. मॅडम कधी कधी व्हरांड्यात उभी राहून समुद्राकडे बघत असते."

झालं. अम्माने दोन आणि दोन चार केले. बाई तरुण, नवरा समुद्रावर, इतके दिवस दिसला नाही. बाई नवऱ्याचे कपडे पाठवते आणि म्हणते यात माणूस भरून दे. व्हरांडा, बत्त्या, वाळूत क्रूस, पोरांना पांढरं. कुक गेल्यावर ती बराच वेळ साहेबाचा शर्ट मांडीवर घेऊन बसली आणि मग मला म्हणाली, "गोऱ्यांनी बघ कसा रस्ता काढलाय. दर्याने माणूस दिला नाय, तर कापडाचा करायचा. बसवायचा, चार लोकांनी बघायचा, मग मातीत ठेवायचा. निदान बाईला ठाऊक तरी, कुठे ठेवलाय."

मी विचारलं, "मग चादरीला डोळ्यांची भोकं कशाला?"

"बघायला. तोंड झाकून बसवत असतील पोरांना मय्यतीजवळ. पोरं घाबरू नयेत म्हणून. तुला काय करायचंय?"

आता हसू येतं. तेव्हा ते इतकं बरोबर वाटलं होतं की विचारू नका. आमच्यापैकी कुणी आयुष्यात असलं काही पाहिलं नव्हतं. भुतांचा खेळ करतात, पोरं मुद्दाम घाबरायला जमतात, असं कुणी सांगितलं असतं तर अम्मा म्हणाली असती, चल, थापा नको मारू. मेलेल्यांची कुणी मस्करी करतं का?

दुसऱ्या दिवशी ती आंघोळ करून, नमाजाआधी करतात तशी वजू करून शिवायला बसली. चादरींचं काम तिने झटपट उरकलं, पण काठ इतके बारीक दुमडले की लग्नाच्या ओढणीला शोभावेत. डबे माझ्याकडे होते. मडमने एका कागदावर डोळे, तिकोनी नाक आणि दात काढून पाठवले होते, तशी भोकं पाडायची. अम्माने कागद पाहिला आणि "तोबा, तोबा, कबरीच्या दिव्याला दात?" म्हणत तो चुलीत घातला. मग आम्ही डब्यात ओली वाळू ठासून भरली, म्हणजे पत्रा चेपत नाही, आणि खिळ्याने ठोकून फुलं, तारे, चंद्रकोरी पाडल्या. आत मेणबत्ती ठेवून पाहिली तर मातीच्या भिंतीवर सगळीकडे उजेडाचे ठिपके. इतकं देखणं काम मी पुन्हा कधी केलं नाही.

मग माणूस. आधी हाडं. खजुराच्या झावळीचा मधला दांडा वाळला की हलका आणि चिवट होतो, त्याला इथे जरीद म्हणतात. दोन लांब जरीद पायांना, एक पाठीला, एक आडवा खांद्याला. सांधे सुंभाने बांधायचे, ढिले, म्हणजे गुडघा वाकतो. बाबांच्या ओळखीच्या सुताराकडून मी लाँचा बांधतात तिथला भुसा पोत्यात भरून आणला. छातीत आणि मांड्यांत भुसा, पोटाला चिंध्या, हातांत खजुराच्या खोडावरचा काथ्या, कारण भुशाने हात जड होतात. डोकं मैद्याच्या पिशवीचं. सामान म्हणाल तर सगळं उकिरड्यावरचं. पण त्यातला एकेक अवयव तयार होऊन अम्माच्या मांडीवर यायचा तेव्हा मी तिकडे बघायचं टाळत असे.

साहेबाचा शर्ट अमेरिकन मापाचा, त्यात बाबा दोनदा मावले असते. पहिल्या दिवशी अम्माने तो तसाच चढवला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, खांदे लोंबतायत, जरा आत घेते. तिसऱ्या दिवशी बाह्या उसवल्या. मग पँटचे पाय कापले आणि जरीद काढून तासला. मी म्हटलं, "अम्मा, हा साहेब रोज बुटका होत चाललाय."

"गप. कपडा सैल होता."

"पण साहेब केवढा असेल ते तुला काय माहीत?"

ती सुईत दोरा ओवत होती. डोळे वर न करता म्हणाली, "पुरुष माणूस केवढा असतो ते हाताला ठाऊक असतं गो."  मला तिचा हात दिसत होता. ती उजवा खांदा दोन बोटं उतरवत होती.

चेहरा तिने केला नाही. आमच्यात माणसाचं चित्र काढू नये, पुतळा करू नये म्हणतात. कयामतीच्या दिवशी अल्ला करणाऱ्याला सांगेल, केलास ना, आता घाल यात जीव. अम्मा म्हणाली, "धड कपड्याचं हाय, त्याला चालतं. तोंड नको. मी कुठून जीव घालू?" म्हणून मैद्याची पिशवी कोरीच राहिली. घडीची एक आडवी सुरकुती तेवढी होती, डोळे मिटल्यासारखी.

एका दुपारी मी शाळेतून आले. बाहेर कडक ऊन, आत अंधार. दारातून पाऊल टाकलं आणि समोर भिंतीला टेकून, बाबांच्या जागेवर, बाबा बसले होते. उजवीकडे झुकून, मान डावीकडे, एक गुडघा वर. माझ्या तोंडून "बाबा" निघून गेलं. निघून गेलं म्हणजे काय, मी ओरडलेच. अम्मा कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने मला गप्प केलं नाही, समजावलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला आजही वाटतं की माझ्या पाठोपाठ कुणीतरी उत्तर देईल म्हणून ती कान देऊन होती.

आणि मीच एकटी नाही बरं का. शेजारची चाची साखर मागायला आली. दार उघडंच होतं. तिने आत डोकावलं, झटकन ओढणी डोक्यावर ओढली आणि म्हणाली, "अगोबाय! भावजी, कवा आलात?"  मग चाचीने त्या पिशवीकडे नीट पाहिलं.  "या अल्ला, हे काय करून ठेवलंस? काढ ते घरातून. अगो, असं बसवलं की येऊन बसतात!" अम्मा म्हणाली, "येऊ दे की." इतक्या साध्या आवाजात म्हणाली की चाची साखर न घेताच पळाली, आणि त्या दिवसापासून अंगणातली पोरं आमच्या दारावरून जाताना धावत जायची.

मला त्या आठवड्यात भीती वाटत होती आणि ती कशाची हे मला नीट सांगता येणार नाही. भुताची नव्हे. एकदा मी पाठ करून बसले होते आणि मला मागे अम्माचा आवाज आला, "मान वर करा जरा." कॉलर शिवत होती. पण ती बाबांना जसं अहोजाहो करायची, तसंच. मी वळले नाही. मला वाटलं, वळून पाहिलं आणि मान वर झालेली असली तर?

कुक येऊन सगळं घेऊन गेला. अम्माने त्या माणसाला पोत्यात घालू दिलं नाही. पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसवायला लावला. गाडी गेल्यावर ती जागा मोकळी झाली आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. अम्मा म्हणाली, "उद्या आपण जाऊ."

"आपल्याला कुठे बोलावलंय?"

"मय्यतीला बोलावणं लागत नाय."

मय्यतीच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं. गोरी असली म्हणून काय झालं, तिला कोण देणार? अम्माने मोठ्या पातेल्यात भात आणि साधी डाळ केली. फोडणी नको, गोड नको, दुखवट्याचं तसंच असतं. पांढरी ओढणी घेतली, मलाही घ्यायला लावली. वाटेत मला पढवत होती, "तुझ्या इंग्रजीत तिला सांग, सबर कर म्हणावं. अल्लाची अमानत होती, अल्लाने नेली. हे सांगता येईल ना?" मी मनात जुळवत होते. सबरला इंग्रजीत काय म्हणायचं तेच मला येत नव्हतं.

कुकने संध्याकाळी पिकअपमधून नेलं. जुमेऱ्याला पोचलो तेव्हा सूर्य पाण्यात जात होता. फाटकापाशी वाळूत क्रूस उभे होते, त्यांच्यामध्ये आमचे डबे, फुलांतून आणि चंद्रकोरींतून उजेड सांडत होता. अम्मा फाटकात थांबली आणि ओठ हलवून दुवा पढली. मग आतून किंकाळी आली. पाठोपाठ खिदळणं. चार-सहा पांढऱ्या चादरी, अम्माने काठ दुमडलेल्या, आमच्या अंगावर धावून आल्या, "बू!" करून ओरडल्या आणि हसत-पडत पळून गेल्या. एका चादरीखालून चॉकलेट खाल्लेलं तोंड दिसत होतं. माशाच्या जुन्या जाळ्याची जळमटं व्हरांड्यावर पसरली होती. दोरीला टायरच्या ट्यूबची वटवाघळं. मडम चेटकिणीसारखी काळी उंच टोपी घालून, नाकाला पिठाची चामखीळ लावून पोरांना केक वाटत होती.

अम्मा पातेलं धरून उभी. "ही कसली मय्यत?" तिने मला विचारलं. मला तरी काय ठाऊक!

तेवढ्यात दारातून एक उंच, लालबुंद माणूस मोठ्याने हसत बाहेर आला. पोरं "डॅडी, डॅडी" करत त्याला लोंबकळली. अम्माने कुककडे पाहिलं. कुक ओशाळून म्हणाला, "साहेब. काल आला समुद्रावरून. खेळ हाय म्हणे हा, भूत-भूत. मला पण आजच कळलं, पातेलं बघून वाटेत सांगायची हिंमत झाली नाय."

मी अम्माच्या तोंडाकडे बघत होते. ज्या बाईच्या दुःखात ती आठवडाभर आपला जीव ओतत होती, त्या बाईचा नवरा पाण्यातून धडधाकट परत आला होता. हात हलवत, हसत. मला त्या माणसाचा इतका द्वेष वाटला की सांगायची सोय नाही. त्याचा काही दोष नव्हता. पण जिवंत होता ना तो!

व्हरांड्यात खुर्चीवर आमचा माणूस बसला होता. आणि त्याला तोंड होतं. मडमने कोळशाने डोळे काढले होते आणि लाल रंगाने जबडा, दात विचकलेला, हनुवटीवर ओघळ. खाली तोच उतरलेला खांदा, तीच बाजूला पडलेली मान. साहेब त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या गळ्यात हात टाकून, स्वतःचा खांदा तसाच पाडून, मान वाकडी करून उभा राहिला. पोरं हसून लोळायला लागली.

मडमने आम्हाला पाहिलं आणि धावत आली. चांगली होती बिचारी. अम्माचे दोन्ही हात, पातेल्यासकट, हातात घेतले आणि भरभर बोलायला लागली. मी जमेल तसं सांगत होते. "म्हणते, असं काम तिने कुठे पाहिलं नाही. म्हणते, अगदी खरा माणूस वाटतो. म्हणते..." मी अडखळले. "म्हणते, नवऱ्याचा शर्ट इतका लहान कसा झाला? कुणाचं माप घेतलं?"

अम्माने पातेलं माझ्या हातात दिलं आणि सरळ व्हरांड्यावर चढली. साहेब आपोआप बाजूला झाला. तिने ओढणीचं टोक टेबलावरच्या पाण्याच्या जगमध्ये बुडवलं, पिळलं आणि त्या लाल जबड्यावरून फिरवायला लागली. एका हाताने मान मागून धरलेली, आजाऱ्याची धरतात तशी. रंग पसरत होता, ती पुसत होती. पोरं एकेक करून गप्प झाली. त्यांना वाटलं, आता काहीतरी नवीन होणार.

मडम माझ्याकडे वळली. हलक्या आवाजात तिने विचारलं, ती काय करतेय? कोण आहे तो?

"ही इज माय फादर," मी म्हटलं.

तिने नाकावरची चामखीळ काढून मुठीत धरली. मग अगदी हळू विचारलं, तुझे वडील कुठे आहेत?

पुसता पुसता अम्माचा हात थांबला. "काय विचारतेय ती?"

"बाबा कुठे आहेत म्हणून."

पुढचं काय येणार ते मला एकदम कळलं. मला ओरडून सांगायचं होतं, अम्मा, नको बोलू, चल घरी, आपण दोघींनी इतके दिवस धरून ठेवलंय, आता नको. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या पुसलेल्या, लालसर झालेल्या पिशवीकडे बघत होती.

"सांग तिला," अम्मा म्हणाली. "मेले म्हणावं. बुडाले."

 पातेलं जड झालं होतं.

"सांग गो."

"माय फादर इज डेड," मी म्हटलं. बाबांशी मी जन्मात इंग्रजीत एक शब्द बोलले नव्हते.

तेव्हा अम्माने त्या कापडाच्या मानेत तोंड खुपसलं आणि टाहो फोडला. आमच्या बायका मय्यतीवर फोडतात तसा, पोटातून, लांब, श्वास संपेपर्यंत. इतक्या महिन्यांचा एकदम आला तो. चादरीतल्या एका पोराला हा खेळातलाच सगळ्यात भारी भाग वाटला. त्याने आनंदाने किंचाळून टाळ्या वाजवल्या आणि मग सगळीच पोरं टाळ्या वाजवायला लागली.